घरच्या कॉम्प्युटरचे सुटे भाग कसे निवडावेत?

(ऊस विकास विभागाकडून सभासदांसाठी)



ऊस नोंदीसाठी किंवा प्लॉट पाहणीसाठी वस्तीवर गेलो की अलीकडे लागवडीच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "साहेब, पोरगी डिप्लोमाला आहे, कॉम्प्युटर लागतो म्हणते. तालुक्याचा दुकानदार एवढ्याला देतो म्हणतो. घेऊ का?" दुकानदार सांगतो त्यातले निम्मे कळत नाही आणि कळले नाही असे म्हणायला संकोच वाटतो, ही यातली खरी अडचण आहे.

उसाच्या बिलाचा हप्ता हाती आला की त्यातून सोसायटी, खत, मशागत आणि घरखर्च भागवून जे उरते, त्यातून ही वस्तू घ्यायची असते. तो पैसा चुकीच्या खोक्यात अडकला तर पैसा जातोच, शिवाय मुलाचे अभ्यासाचे वर्षही रखडते. म्हणून या अंकात बेणे-खताचा विषय जरा बाजूला ठेवून कमी खर्चात, पण टिकाऊ कॉम्प्युटर घरी कसा जुळवावा याची माहिती देत आहोत.

आधी काम ठरवा

जमीन, पाणी आणि हंगाम पाहिल्याशिवाय आपण उसाचा वाण ठरवत नाही. इथेही तसेच आहे. कॉम्प्युटरवर काय करायचे, हे मुलाला आधी कागदावर लिहायला सांगावे. कॉलेजात कोणते प्रोग्रॅम शिकवतात, हेही विचारून घ्यावे. टायपिंग, हिशेब, इंटरनेट, ऑनलाइन वर्ग, प्रोग्रॅमिंग शिकणे, साधी ड्रॉइंग एवढीच कामे असतील तर खर्च आटोक्यात राहतो. व्हिडिओचे संकलन, थ्री-डी ड्रॉइंग किंवा मोठे गेम असतील तर खर्च बराच वाढतो.

मूल होस्टेलवर राहणार असेल तर टेबलावरचा कॉम्प्युटर घेऊच नये, लॅपटॉप घ्यावा. फक्त ऑनलाइन अर्ज भरायचे आणि सातबारा पाहायचा एवढ्यासाठी मोबाईल पुरतो. पण मूल घरून ये-जा करणारे असेल आणि यंत्र पाच-सात वर्षे वापरायचे असेल, तर सुटे भाग घेऊन जुळवलेला कॉम्प्युटर परवडतो. त्यातला एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि पुढे ताकद वाढवायची झाली तर सगळे मोडून टाकावे लागत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात कसे, असे कोणी विचारील. १९९५ साली इंटेल कंपनीने बोर्ड, खोका आणि वीजपुरवठा यांच्या मापांचे 'ए.टी.एक्स.' नावाचे मानक पुढे आणले. स्क्रूची भोके कुठे आणि वायरींचे जोड कसे, हे त्यात ठरलेले आहे. ते बहुतेक कंपन्या पाळतात, म्हणून हे जमते.

कमी पडेल ते सर्वांना अडवते

शेतीच्या अभ्यासात लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी जे सर्वांत कमी पडते, तेच उत्पादन ठरवते. युरियाच्या गोण्या कितीही ओता, जस्त कमी असेल तर ऊस तिथेच अडतो.

कॉम्प्युटरला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. महागडा प्रोसेसर घेतला आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क लावली, तर प्रोसेसर बसून वाट पाहतो. सगळे भाग उत्तम घेतले आणि वीजपुरवठ्याचा डबा फुटकळ घेतला, तर एके दिवशी सगळेच बंद. म्हणून एका भागावर पैसा ओतू नये. सर्व भाग एका तोलाचे घ्यावेत, हे या लेखाचे सार समजावे.

प्रोसेसर

हा कॉम्प्युटरचा मेंदू. इंटेल आणि ए.एम.डी. या दोन कंपन्यांचे प्रोसेसर बाजारात मिळतात. दुकानात 'आय-थ्री', 'आय-फाईव्ह', 'आय-सेव्हन' हे शब्द कानांवर पडतात आणि आकडा मोठा तर माल चांगला, असे वाटते. फसगत होते ती इथेच. उसाची उंची पाहून उतारा कळत नाही, तसे या एका आकड्यावरून काही कळत नाही. त्याच्या पुढचा आकडा वाचायला शिकावे.

'आय-सेव्हन ३७७०' यात पुढे चार आकडे आहेत. चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढी सांगतो. म्हणजे ही तिसरी पिढी, २०१२ सालची. 'आय-थ्री १२१००' यात पाच आकडे आहेत, तेव्हा पहिले दोन घ्यावेत. ही बारावी पिढी, २०२२ सालच्या सुरुवातीची. दोन्हींत गाभे चारच आहेत, तरी बारावीचा आय-थ्री तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. जुन्या पिढीचे प्रोसेसर बिननावाच्या बोर्डावर बसवून, वर रंगीत दिवे लावून 'आय-सेव्हन कॉम्प्युटर' म्हणून विकले जातात. भाव पाहून मन मोहते, पण ते बेणे जुने आहे.

यात आणखी एक मेख आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय 'टी.पी.एम. २.०' ही सुरक्षेची सोयही लागते. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे यंत्र या नियमात बसत नाही.

अभ्यासासाठी कमी खर्चाच्या दोन निवडी सांगतो. पहिली, इंटेल आय-थ्री १२१००. दुसरी, ए.एम.डी. रायझन ५ ५६००जी. हा २०२१ सालचा असून त्यात सहा गाभे आहेत. दोन्हींत चित्र दाखवण्याची सोय आतच आहे, म्हणून वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही. नावामागचे अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे. '१२१००एफ' यातल्या 'एफ'चा अर्थ चित्राची सोय नाही. नुसत्या '५६००' मध्येही ती नाही, '५६००जी'मध्ये आहे. दोन पैसे स्वस्त म्हणून 'एफ'वाला आणला तर पडद्यावर काहीच दिसणार नाही आणि कार्डासाठी पुन्हा खिशात हात घालावा लागेल.

प्रोसेसर कंपनीच्या सीलबंद खोक्यातला घ्यावा. या दोन्ही प्रोसेसरच्या खोक्यात पंखा येतो. सुट्या मालाबरोबर पंखा नसतो आणि वॉरंटीचीही भानगड असते.

मदरबोर्ड

बाकीचे सगळे भाग या पाटीवर बसतात. प्रोसेसर बसायच्या जागेला सॉकेट म्हणतात. आय-थ्री १२१०० ला 'एल.जी.ए. १७००' सॉकेटचा बोर्ड लागतो, त्यात 'एच ६१०' हा स्वस्त प्रकार पुरेसा आहे. ५६००जी ला 'ए.एम. ४' सॉकेट लागतो, त्यात 'ए ५२०' किंवा 'बी ५५०' पाहावा. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर बसत नाही. 'हा बोर्ड आहे त्या स्थितीत हा प्रोसेसर ओळखतो का?' असे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. जुना साठा असेल तर बोर्डाच्या आतले 'बायोस' नवे करून मागावे.

हे दोन्ही सॉकेट आता मागच्या पिढीचे झाले आहेत. म्हणूनच ते स्वस्तात बसतात. ज्यांना चार-पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा आहे आणि आज थोडे जास्त पैसे आहेत, त्यांनी ए.एम.डी.चा 'ए.एम. ५' विचारात घ्यावा. हा सॉकेट २०२२ साली आला. २०२७ आणि त्यापुढेही तो चालू ठेवू, असे कंपनीने २०२४ साली जाहीर केले आहे. लागण चांगली साधली तर खोडवा फुकटासारखा मिळतो, त्यातलाच हा प्रकार.

रॅम

रॅम म्हणजे कामाचे टेबल. टेबल लहान असेल तर वह्या सारख्या उचलून ठेवाव्या लागतात. साध्या कामाला ८ जी.बी. चालते, प्रोग्रॅमिंग किंवा ड्रॉइंग शिकणाऱ्याला १६ जी.बी. असावी. रॅमचे 'डी.डी.आर. ४' आणि 'डी.डी.आर. ५' असे दोन प्रकार चालू आहेत. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. ५६००जी ला डी.डी.आर. ४ लागते. 'एच ६१०' बोर्ड दोन्ही प्रकारांत निघतात, म्हणून खोक्यावर वाचूनच घ्यावा. 'ए.एम. ५' ला फक्त डी.डी.आर. ५ चालते.

१६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. शेताला एका पाटाऐवजी दोन पाटांनी पाणी दिले तर भिजवण लवकर होते, तसे दोन पट्ट्यांतून माहिती दोन वाटांनी येते. ग्राफिक कार्ड नसलेल्या यंत्रात चित्राचे कामही याच रॅममधून चालते. त्यामुळे तिथे हा फरक जास्त जाणवतो, विशेषतः ५६००जी वर.

२०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव एकदम चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या संगणक केंद्रांकडून मागणी वाढली आणि कारखान्यांनी माल तिकडे वळवला. या कारणाने या लेखात आम्ही रुपयांचे आकडे दिलेले नाहीत, कारण दुकानात जाईपर्यंत ते शिळे होतील. भाव फारच चढा वाटला तर आय-थ्री घेणाऱ्याने आज ८ ची एक पट्टी लावावी आणि दुसरी खाच पुढच्या हप्त्यासाठी मोकळी ठेवावी.

एस.एस.डी.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई हलून माहिती शोधते. एका शोधाला दहा-बारा मिलिसेकंद जातात. एस.एस.डी.त फिरणारे काहीच नाही, तिथे शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतो. यंत्र सुरू व्हायला लागणारी पाच मिनिटे अर्ध्या मिनिटावर येतात ती यामुळे. कमी पैशांत जास्त फरक पाडणारा भाग हाच. म्हणून प्रणाली आणि प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर ठेवूच नयेत.

एस.एस.डी.चे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. 'साटा' प्रकार सेकंदाला साधारण ५५० एम.बी. माहिती वाचतो. 'एन.व्ही.एम.ई.' प्रकार साध्या पिढीतही ३,००० च्या आसपास जातो. दुसऱ्या प्रकारची छोटी पट्टी बोर्डाच्या 'एम. २' खाचेत थेट बसते, वायर लागत नाही. पण 'एम. २' हे फक्त आकाराचे नाव आहे. त्या आकारात साटाही मिळतो, तेव्हा नीट विचारून घ्यावे. ५०० जी.बी. पुरते. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी. बेणे प्लॉट एकाच सरीत कोणी ठेवत नाही.

एस.एम.पी.एस. : इथे काटकसर नको

भिंतीतली २३० व्होल्टची वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या विजेत बदलणारा हा डबा. सभासदांनी सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे, आणि दुर्लक्ष होते तेही इथेच. खोक्याबरोबर 'फुकट' येणाऱ्या हलक्या डब्यावर ४५० वॅट छापलेले असते, पण ते छापणाऱ्याला काय जाते? असा डबा जळताना एकटा जळत नाही. व्होल्टेज उसळले तर बोर्ड आणि एस.एस.डी. दोन्ही घेऊन जातो.

'८० प्लस' हे चिन्ह पाहून घ्यावे. ही तपासणीची पद्धत २००४ पासून चालू आहे. डब्याने शंभर वॅट ओढले तर किमान ऐंशी वॅट कामाला मिळावेत, बाकीची उष्णता, असा तिचा अर्थ. 'ब्राँझ' म्हणजे त्याहून वरची प्रत. वर सांगितलेल्या यंत्राला ग्राफिक कार्डाविना ४५० वॅटचा चांगला डबा भरपूर होतो. डब्यावर चालण्याचे व्होल्ट छापलेले असतात. काहींवर २००-२४०, तर काहींवर १००-२४०. आपल्या वस्त्यांवर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवा मिणमिणतो, हे सर्वांना ठाऊक आहे. सबब १००-२४० वालाच घ्यावा.

यू.पी.एस. आणि अर्थिंग

शहरातल्या माणसाला यू.पी.एस. हौस वाटेल, आपल्याला तो खर्चात धरलाच पाहिजे. ६०० व्ही.ए.चा साधा यू.पी.एस. साधारण ३६० वॅटचा भार घेतो. आपले यंत्र पडद्यासह नेहमीच्या कामात शंभर वॅटच्या मागे-पुढे राहते. वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र नीट बंद करायला वेळ मिळतो, एवढेच त्याचे काम. त्यावर टी.व्ही. किंवा लेझर प्रिंटर लावू नये. व्होल्टेज सावरणारा, म्हणजे 'ए.व्ही.आर.' असलेला घ्यावा.

तीन पिनांच्या प्लगातील तिसरी पिन शोभेची नव्हे. खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, असे समजावे. आधी वायरमनकडून ते करून घ्यावे, मग कॉम्प्युटर लावावा. वीजबिलाची धास्ती मात्र नको. शंभर वॅटने रोज पाच तास चालला तर अर्धे युनिट, म्हणजे महिन्याला पंधरा युनिटे.

कुठे हात आखडावा

रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, काचेची बाजू, पाण्याचा कूलर आणि गेमचा की-बोर्ड यांनी अभ्यास वाढत नाही. कॅबिनेट साधे असावे. पुढून हवा आत आणि मागून बाहेर, अशी जाळी आणि किमान एक पंखा असावा. आपल्याकडे धूळ फार, म्हणून पुढची जाळी काढून झटकता येते का ते पाहावे. ग्राफिक कार्ड आज घेऊ नये. गरज पटली की पुढे लावता येते, तेव्हा त्या कार्डाला एस.एम.पी.एस. पुरतो का ते पाहून घ्यावे.

मॉनिटर मात्र बरा घ्यावा, तो दोन कॉम्प्युटर पुरतो. २२ ते २४ इंची, १९२० बाय १०८० रेषांचा आणि 'आय.पी.एस.' पडद्याचा असावा. तासन्‌तास डोळे त्यावरच असतात.

विंडोजचे पैसे बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो ती चोरीची प्रत असू शकते, आणि तिच्याबरोबर व्हायरसही येऊ शकतो. लिनक्सच्या 'उबुंटू' आणि 'मिंट' या प्रणाली फुकट आणि कायदेशीर आहेत. टायपिंग, इंटरनेट आणि प्रोग्रॅमिंग त्यांवर उत्तम चालते, मराठीही लिहिता येते. कॉलेजात ऑटोकॅड किंवा टॅली लागत असेल तर मात्र विंडोज विकत घ्यावे लागेल.

खरेदी

यादी तयार करून एकाच दिवशी तीन ठिकाणचे भाव घ्यावेत. तालुक्याचे दुकान, पुणे-कोल्हापूरचे दुकान आणि ऑनलाइन. मुंबईत कोणी नातेवाईक असेल तर लॅमिंग्टन रोडचाही भाव विचारावा. पाच-सातशेच्या फरकासाठी तालुक्याचा माणूस सोडू नये, बिघाड झाल्यावर तोच जवळ असतो. 'सगळे मिळून इतके' असा एकरकमी भाव घेऊ नये. प्रत्येक भाग नावानिशी, नंबरनिशी आणि वॉरंटीच्या मुदतीसह जी.एस.टी.च्या पक्क्या बिलावर यावा. खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत.

जुने यंत्र घ्यायचेच असेल तर मोठ्या कंपन्यांनी ऑफिसात वापरलेले, आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे घ्यावे. दुकानातच सुरू करून पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की विंडोजमध्ये प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांची खरी नावे दिसतात. वरचे स्टिकर काहीही असो. उसाची पक्वता आपण नजरेवर सोडत नाही, ब्रिक्स पाहतो. हेही तसेच.

जुळवणी

स्क्रू-ड्रायव्हर धरता येणाऱ्या मुलाला हे काम एका दुपारात जमते. वायर काढून ठेवावी आणि कामाआधी खोक्याच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. थंडीत स्वेटर काढताना चटचटते ती वीज भाग निकामी करू शकते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर त्रिकोण असतो, तो सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून अलगद ठेवावा, दाबू नये. ए.एम. ४ मध्ये टाचण्या प्रोसेसरला असतात, इंटेलमध्ये बोर्डाला. दोन्हीकडे वाकली की काम बिघडले. रॅम दोन्ही कडांनी 'टक' वाजेपर्यंत बसवावी. बोर्डाला २४ पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची, अशा दोन्ही वायरी लावाव्यात. दुसरी राहून गेली तर पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. घाबरू नये, आधी तिथे पाहावे.

सभासदांनी वहीच्या एका पानावर नऊ ओळी आखाव्यात : प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एस.एस.डी., एस.एम.पी.एस., कॅबिनेट, मॉनिटर, की-बोर्ड-माऊस, यू.पी.एस. प्रत्येकापुढे पूर्ण नाव, नंबर आणि तीन ठिकाणचे भाव लिहावेत. पैसे कमी पडले तर कॅबिनेट आणि की-बोर्डात कमी करावे, मग रॅमची दुसरी पट्टी पुढे ढकलावी. एस.एम.पी.एस., एस.एस.डी. आणि यू.पी.एस. या तीन ओळींना हात लावू नये. हे पान मुला-मुलीकडूनच लिहून घ्यावे. आपल्या शिक्षणावर घरचा किती ऊस खर्ची पडतो, हे त्यांनाही कळेल आणि वस्तू जपून वापरली जाईल. विसार देण्यापूर्वी पान गट कार्यालयात आणून दाखवावे, भाग एकमेकांशी जुळतात की नाही एवढे आम्ही पाहून देऊ.

— ऊस विकास अधिकारी